बाबा झोपलेत

१

अधारतालच्या एका गल्लीत कोणी मुलानं म्हाताऱ्या बापाला घरात कोंडलंय आणि आत पाऊल टाकाल तर मारून टाकीन म्हणून ओरडतोय, असा फोन ठाण्यावर आला. उपनिरीक्षक विनता दाणी तेव्हा नुकती ड्यूटीवर येऊन चहाचा पहिला घोट घेत होती. ठाण्याचे प्रमुख, टीआय दुबेसाहेब तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "दाणी, ये आपकी लाइन का काम है. लड़का मराठी में चिल्ला रहा है. चलिए."

'आपकी लाइन' म्हणताना साहेबांच्या ओठांवर जरा हसू असायचं. पुलाच्या कठड्यावर चढलेल्याला खाली उतरवायचं, आतून कडी लावून बसलेल्याला बाहेर आणायचं, तेही नुसतं बोलून, हे काम विनतानं आपणहून मागून घेतलं होतं. त्यासाठी तिनं एक छोटं प्रशिक्षणही केलं होतं. ठाण्यातले लोक म्हणायचे, दाणी मॅडम काही करत नाहीत, नुसत्या बोलतात. विनताला त्याचं वाईट वाटत नसे. भोपाळला अशाच कामासाठी वेगळं पथक उभं राहणार होतं, त्याची मुलाखत पुढच्या महिन्यात होती, आणि तिथं निवड व्हावी यापलीकडे तिला सध्या काही नको होतं.

गल्लीत गर्दी जमली होती. घर भोयरांचं. शालिग्राम भोयर खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. मुलगा योगेश तिथंच कामाला, अजून लग्न न झालेला. शालिग्रामजींची बायको केव्हाच वारलेली. विनतानं टोपी काढून हवालदाराच्या हातात दिली आणि दाराला लागून पायरीवर बसली.

"योगेश, मी विनता. पोलिसातली आहे, पण आत यायला नाही आले. बोलायला आलेय."

मग अगदी दाराशीच आवाज आला. म्हणजे तोही दाराला टेकून बसला होता.

"मराठी आहात?"

"हो रे. इथंच गोरखपूर मोहल्ल्यात राहते."

"जा ना दीदी तुम्ही. काहून उन्हात बसून राहिल्या?"

दारामागच्या माणसाला काहीतरी हवं असतं, हे विनता अनुभवानं शिकली होती. कोणाला माहेरी गेलेली बायको परत हवी असते, कोणाला साहेबानं येऊन माफी मागायला हवी असते. ते काय आहे हे कळलं की अर्धं काम झालं. योगेशला मात्र काहीच नको होतं. पाणी नको, जेवण नको, कोणाला भेटायचं नाही. ती म्हणाली, "बाबांचा आवाज तरी ऐकव मला."

"बाबा झोपलेत."

ऊन पायरीवरून सरकून समोरच्या भिंतीवर गेलं. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, "झोपलेत दीदी. उठवू नका." धमकी देणाऱ्याचा आवाज असा नसतो, एवढं तिला कळत होतं. मधेच एकदा त्यानं आपण होऊन विचारलं, "नागपूरची पहाटेची बस सिवनीच्या पुढं गेली असेल ना आता?"

"कोण आहे बसमध्ये?"

"कोणी नाही."

दुबेसाहेब दार तोडायला उतावीळ झाले होते. विनतानं हात जोडून त्यांना थोपवलं आणि पुन्हा बोलायला लागली. आपल्या वडिलांबद्दल, त्यांच्या आजारपणाबद्दल, म्हातारी माणसं किती चिडचिड करतात त्याबद्दल. दुपारी आत कुठंतरी मोबाईल किणकिणला. थोड्या वेळानं कडी सरकली. योगेश हात जोडून बाहेर आला. विनतानं त्याचे दोन्ही हात धरले. मागून कोणीतरी शाबासकी दिल्यासारखी तिची पाठ थोपटली.

दुबेसाहेब आत गेले आणि लगेच बाहेर आले.

"दाणी," ते हळूच म्हणाले, "बाप तो मरा पड़ा है. अकड़ गया है. सुबह से मरा है."

२

"मीच मारलं," योगेश म्हणाला. "दुधातून झोपेच्या गोळ्या दिल्या. सगळ्या. वैतागलो होतो."

त्यानंतर कोणी काहीही विचारलं तरी तो हेच सांगायचा. अंगावर मार नव्हता, गळ्यावर खूण नव्हती. पोटातल्या विषाचा तपास सागर शहरातल्या सरकारी प्रयोगशाळेत व्हायचा होता आणि त्याला वेळ लागणार होता. पण कबुली हातात असताना घाई कोणाला होती? दुबेसाहेब तर खुशीत होते.

"समझिए, भोपाल पक्का. ख़ूनी को बातों से बाहर निकाल लाईं आप, एक खरोंच नहीं. मैं खुद लिखूँगा."

विनताला ती खुशी घेता येईना. ज्याच्या जिवासाठी ती दिवसभर दाराशी गयावया करत होती तो माणूस ती यायच्या आधीच गेलेला होता. मग योगेश दारामागं बसून कशाची वाट पाहत होता? खून करून पळायचं असतं तर सकाळीच पळता आलं असतं. शरण यायचं असतं तर सकाळीच येता आलं असतं.

ती पुन्हा त्या खोलीत गेली. खाट आता रिकामी होती. डोक्याशी स्टूल. त्यावर स्टीलची छोटी डबी, झाकण उघडं, आत काही नाही. शेजारी पाण्याचा पेला, काठोकाठ भरलेला. पेल्यावर बशी झाकलेली आणि बशीत एक पांढरी गोळी. पंचनाम्यात हे सगळं लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्यानं लिहिलं आणि पुढं गेला.

दुधाचं भांडं मात्र खोलीत कुठंच नव्हतं. स्वयंपाकघरात पाहिलं तर दुधाचं पातेलं भरलेलं, वर साय धरलेली. त्यातला थेंबही कोणी घेतलेला नव्हता.

योगेश खोटं बोलत होता. पण खुनाचा आळ अंगावर ओढून घेण्याइतकं खोटं माणूस कोणासाठी बोलतो?

३

शेजारच्या बेबीताईंनी विनताला ओट्यावर बसवलं आणि न विचारताच बोलायला लागल्या. फोन त्यांनीच केला होता.

"मी विरजण मागायला गेली सकाळी. दार उघडंच होतं. पाहते तर शालिग्रामजी खाटेवर, तोंड उघडं. आणि योगेश पायाशी बसलेला, हातात ती गोळ्यांची डबी. रडून राहिला होता. मी ओरडली, काय झालं रे बाप्पा! तर एकदम उठला, मला बाहेर लोटलं अन् कडी लावली. मग ओरडला, कोणी आत आलं तर बाबांना मारीन म्हणून."

"आधी रडत होता? धमकी नंतर?"

"हाव. आधी रडत होता."

बेबीताई थांबल्या. पुढचं सांगावं की नाही असं त्यांना झालं होतं. मग पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "आदल्या संध्याकाळी भांडण झालं होतं मोठं. मोनालीचं अन् त्यांचं."

मोनाली म्हणजे योगेशची धाकटी बहीण. नागपूरला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये तिला नोकरी लागली होती आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी हजर व्हायचं होतं. शालिग्रामजी जाऊ देत नव्हते. मुलीनं परगावी एकटं राहायचं हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

"भिंत एकच आहे ना, सगळं ऐकू येते. पोरगी म्हणाली, तुम्ही मेल्याशिवाय माझी सुटका नाही. हेच शब्द. आईशिवाय वाढलेली पोर, रागात बोलून गेली. तर त्यांनी ती डबी वाजवली. खुळखुळ केली जोरात. म्हणाले, ह्या सगळ्या खाऊन टाकतो आज, मग हो मोकळी."

"योगेश घरात होता?"

"दोघांच्या मध्ये उभा होता बिचारा."

कबुली असली तरी दुबेसाहेबांचा संशय अजून एका माणसावर होता. सुशांत, शालिग्रामजींचा पुतण्या. त्याचं रांझीला औषधांचं दुकान, गोळ्या तिथूनच यायच्या, आणि घराच्या वाटणीवरून काका-पुतण्यांचं बोलणं बंद होतं. विनता त्याच्या दुकानात गेली तेव्हा तो गल्ल्यामागं नुसता बसून होता.

"बोलणं बंद होतं, औषध बंद नव्हतं," सुशांत म्हणाला. "योगेश येऊन न्यायचा. काकांचे हात थरथरत, पट्टीतून गोळी निघायची नाही. म्हणून रविवारी योगेश सगळ्या गोळ्या काढून डबीत भरून ठेवायचा. दोनदा अटॅक येऊन गेला होता त्यांना. मॅडम, तुम्ही म्हणता योगेशनं मारलं? काकांना आंघोळ घालायचा तो. नखं कापायचा. आमच्यातलं कोणी करत नव्हतं ते."

"मग डबी रिकामी कशी झाली, सुशांत?"

सुशांतनं मान खाली घातली. "काकांनीच खाल्ल्या असतील. दुसरं काय असणार?"

दुसरं काय असणार, हे विनतालाही परतीच्या वाटेवर पटत गेलं. योगेशला सकाळी बाप गेलेला दिसला, डबी रिकामी दिसली, आणि कालचे शब्द आठवले. बहीण तेव्हा बसमध्ये होती. तिला कळलं असतं तर अर्ध्या वाटेतून परत आली असती, आणि जन्मभर म्हणत राहिली असती की माझ्या बोलण्यानं बाबा गेले. म्हणून त्यानं दार लावलं. दार बंद होतं तोवर बाबा कोणासाठी मेलेले नव्हते. आणि दार उघडल्यावर काय सांगायचं ते त्यानं आत बसून ठरवलं. बहिणीनं भावाला खुनी म्हणावं, पण स्वतःला म्हणू नये.

गाडी सिग्नलला उभी राहिली आणि विनताला पुन्हा ती बशी दिसली. भरलेला पेला आणि एक गोळी.

ज्याला सगळ्या गोळ्या घ्यायच्यात, तो एक कशाला वगळेल? आणि घेतल्या त्या पाण्याशिवाय?

तिनं गाडी परत अधारतालला वळवली.

४

मोनाली बेबीताईंकडे आतल्या खोलीत होती. आदल्या रात्री नागपूरहून परत आली तेव्हापासून ती स्वतःच्या घरात गेली नव्हती. सकाळी अंत्यसंस्कार झाले होते. भावाला भेटायला चल म्हटलं तर तिनं साफ नकार दिला होता.

"मला त्याचं तोंड पाहायचं नाही," ती विनतालाही म्हणाली. "आप लोग जो करना है करो."

विनता तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"ठीक आहे. नको पाहू. मला एकच सांग. भांडण झाल्यावर बाबांच्या उशाशी पाणी कोणी ठेवलं?"

"मी. रोज मीच ठेवते." मग तिचं तिलाच लक्षात आलं आणि ती अडखळली. "ठेवायची."

"आणि बशीतली गोळी?"

विनतानं आवाज चढवला नाही. दाराशी बसून बोलायची तशीच बोलत राहिली.

"बाबांनी डबी वाजवली तेव्हा ती भरलेली होती. बेबीताईंना भिंतीपलीकडून ऐकू आली. सकाळी योगेशच्या हातात ती रिकामी होती. बाबांनी खाल्ल्या असत्या तर पेला भरलेला नसता, बशीत एक गोळी उरली नसती. एका रात्रीपुरती एक गोळी माणूस स्वतःसाठी बाजूला काढत नाही. ती दुसऱ्यानं काढलेली आहे. ज्याला वाटत होतं की यांना झोप तर लागावी, पण यांच्या हाताशी बाकीच्या राहू नयेत. योगेशनं काढल्या असत्या तर सकाळी तो डबी बघून रडला नसता. मग घरात उरलं कोण?"

मोनालीचा हात नकळत शेजारच्या पर्सकडं गेला.

"गोळ्या कुठं आहेत, मोनाली?"

तिनं पर्स पुढं ओढली. आतल्या कप्प्यातून गाठ मारलेला रुमाल काढला. गाठ सोडली. पांढऱ्या गोळ्या रुमालभर पसरल्या.

५

"ते रागात भिंतीकडं तोंड करून पडले होते," मोनाली सांगत होती. "मला भीती वाटली. मी गेल्यावर खरंच खाल्ल्या तर? म्हणून सगळ्या काढून घेतल्या. एक ठेवली. डबी तिथंच ठेवली, झाकण लावायचं राहून गेलं."

"योगेशला नाही सांगितलंस?"

"तो जेवणाचं पाहत होता. आणि पहाटे बस होती, घाई झाली. म्हटलं पोचल्यावर फोन करून सांगीन. तिथं गेले तर लगेच कामाला बसवलं. दादाला मेसेज केला नुसता, जॉइन झाले म्हणून."

विनताला दुपारची ती किणकिण ऐकू आली. त्यानंतरच कडी निघाली होती. तिला वाटलं होतं, आपल्या वडिलांबद्दल आपण जे बोललो त्यानं तो विरघळला. तो ऐकतही नसेल कदाचित. तो फोनकडं बघत बसला होता. बहीण पोचली, नोकरीवर लागली, आता दार उघडायला हरकत नाही.

हे मनात आलं तेव्हा तिला कुठंतरी दुखलं, पण त्याला ही वेळ नव्हती.

"मोनाली, भावानं काही केलेलं नाही," ती म्हणाली. "त्याला वाटलं, तुझ्या बोलण्यावरून बाबांनी गोळ्या घेतल्या. तुला ते कधी कळू नये म्हणून तो खुनी झाला."

मोनाली तिच्याकडं बघत राहिली. मग रुमालावरच्या गोळ्या दोन्ही मुठींत घेऊन ती अशी रडायला लागली की बेबीताई बाहेरून धावत आल्या.

६

योगेशला ठाण्यातल्या आतल्या खोलीत आणलं. दारात मोनालीला पाहून तो मागं सरला.

"हिला काहून आणलं? दीदी, मी सांगितलं ना सगळं. मी मारलं."

"दूध कशात दिलंस?"

"पेल्यात."

"पेल्यात पाणी होतं, योगेश. काठोकाठ. आणि पातेल्यातलं दूध कोणी हलवलंही नव्हतं."

मोनाली पुढं झाली आणि रुमाल त्याच्यासमोर टेबलावर उघडला.

"दादा, ह्या घे. मी काढून नेल्या होत्या. बाबांनी नाही खाल्ल्या."

योगेशनं एक गोळी बोटांत धरली. दर रविवारी तोच तर काढायचा त्या. त्याला ओळखायला वेळ लागला नाही.

"म्हणजे बाबा..."

"हृदय," विनता म्हणाली. "तिसरा अटॅक. मी शवविच्छेदन केलेल्या डॉक्टरांना विचारून आलेय. हृदयाची अवस्था तेच सांगतेय म्हणाले ते. सागरचा अहवाल येईल तेव्हा येईल."

"असेच गेले?"

"असेच गेले."

तो खुर्चीवर बसला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. "मी दिवसभर त्यांच्याजवळ बसून होतो, दीदी. त्यांच्यावर रागावून. म्हटलं, पोरीच्या माथी काय मारून गेलात हे. खूप बोललो मी त्यांना मनात."

मोनाली म्हणाली, "तुला वाटलं मी जन्मभर स्वतःला दोष देईन. आणि तू खुनी म्हणून आत गेला असतास तर मी जन्मभर काय केलं असतं रे? मी तुझं तोंड पाहायचं नाही म्हणून बसले होते."

मग योगेशनं खाली बघतच विचारलं, "अग्नी कोणी दिला?"

"मी. सुशांतदादा सोबत होता."

त्यानं मान हलवली. त्याचा तो हक्क होता आणि त्या सकाळी तो लॉकअपमध्ये भिंतीला टेकून बसलेला होता, आपल्या बापाचा खुनी म्हणून. आता ते कोणालाच परत करता येणार नव्हतं.

सागरचा अहवाल आला, त्यात विष नव्हतं. खुनाचा गुन्हा मागं पडला. पोलिसांना खोटी माहिती दिल्याचं प्रकरण राहिलं, पण दुबेसाहेबांनी त्यात फार ताणलं नाही. विनताला मात्र ते एकदा केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "रिपोर्ट में इतना सब लिखना ज़रूरी है? बाहर तो आप ही लाईं उसको. इतना रहने दीजिए."

विनतानं रिपोर्ट लिहिला तो घडलं तसा. भोपाळच्या मुलाखतीत एका अधिकाऱ्यानं तोच काढून विचारलं, आरोपी तुमच्या बोलण्यानं बाहेर आला, बरोबर? ती म्हणाली, नाही सर. तो बहिणीच्या मेसेजमुळे बाहेर आला. आणि तो आरोपीही नव्हता. समोरचे तिघं एकमेकांकडं बघून हसले, चांगल्या मनानंच. निवड झालेल्यांत तिचं नाव नव्हतं. ती रात्रीच्या गाडीनं परत आली आणि सकाळी कामावर गेली. पुन्हा अर्ज करायचा हे तिनं गाडीतच ठरवलं होतं, पण ते ठरवतानाही तिला रडू आलंच.

जामिनावर सुटल्यावर योगेशनं अस्थी विसर्जनासाठी ग्वारीघाटावर नेल्या. मोनालीनं विनताला यायला सांगितलं होतं. योगेश आणि सुशांत पाण्यात उतरले. दोघी वर पायऱ्यांवर थांबल्या. नर्मदा शांत होती, नावाडी गिऱ्हाइकांना हाका मारत होते.

"दीदी," मोनाली म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"पहाटे निघताना मी बाबांच्या दारात उभी राहिले. अंधारच होता आत. म्हटलं, जाते बाबा. ते काही बोलले नाही. मला वाटलं, रुसलेत. मी पण चिडून तशीच निघाले." ती पाण्याकडं बघत होती. "तेव्हा ते होते का?"

डॉक्टरांनी सांगितलेली वेळ विनताला पाठ होती. मध्यरात्रीनंतर केव्हातरी, उजाडायच्या आत. मोनाली पहाटे दारात उभी होती तेव्हा ते गेलेले असू शकत होते, नसूही शकत होते. होते म्हणावं तर बापानं जाणाऱ्या मुलीला उत्तर दिलं नाही. नव्हते म्हणावं तर ती गेलेल्या माणसाचा निरोप घेऊन, त्याच्यावर चिडून निघाली. यांतलं कोणतं तिला सोसेल, हे विनतानं तिच्या चेहऱ्यावरून शोधायचा प्रयत्न केला. इतकी वर्षं ती हेच करत आली होती, समोरच्याला काय ऐकायचं आहे ते ओळखणं. तिला ओळखता आलं नाही.

"माहीत नाही गं, मोनाली," ती म्हणाली. "कोणालाच सांगता येणार नाही ते."

मोनालीनं मान हलवली आणि ती पायरीवर बसली. विनताही तिच्या शेजारी बसली. खाली योगेशनं कलश पाण्यात बुडवला, बराच वेळ तसाच धरून ठेवला, आणि मग रिकामा करून वर आला. ओल्या कपड्यांनिशी तो बहिणीच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला. तिनं आपल्या ओढणीनं त्याचं डोकं पुसायला सुरुवात केली, आणि तो लहान मुलासारखी मान खाली घालून बसून राहिला.